वीज आणि रस : बोस इन्स्टिट्यूटची वाटचाल

३० नोव्हेंबर १९१७ रोजी कोलकात्याच्या अप्पर सर्क्युलर रोडवर ‘बसु विज्ञान मंदिर’ सुरू झाले. जगदीशचंद्र बोस त्या दिवशी एकोणसाठ वर्षांचे झाले. प्रेसिडेन्सी कॉलेजातली नोकरी संपून दोन वर्षे झाली होती आणि त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. निवृत्तीनंतर माणसे घर बांधतात. बोसांनी राहत्या घराला लागून प्रयोगशाळा बांधली. उद्घाटनासाठी रवींद्रनाथांनी गीत लिहून दिले. हाती दिवा घेऊन मंदिराकडे निघालेल्या स्त्रीचे शिल्प आवारात बसवले गेले, ते भगिनी निवेदितांच्या स्मरणार्थ. भारतात अशी संस्था व्हावी यासाठी निवेदितांनी जिवाचे रान केले होते. ती पाहायला त्या राहिल्या नाहीत. संस्थेने चिन्ह म्हणून स्वीकारलेले वज्र हेही त्यांच्याच मनातले.

बाकीच्या जगात या संस्थेला बोस इन्स्टिट्यूट म्हणतात. पुढे तिथे भौतिकशास्त्रापासून सूक्ष्मजीवशास्त्रापर्यंत अनेक शाखांचे काम झाले. पण तिचा जन्म एका प्रश्नापोटी झाला. लाजाळूच्या एका पानाला चटका दिला की हात न लावलेली पलीकडची पानेही मिटतात. हा निरोप जातो कसा? बोसांचे उत्तर होते, विजेने. दुसरे उत्तर होते, रसातून वाहणाऱ्या एखाद्या रसायनाने. संस्थेची शंभर वर्षांची वाटचाल या दोन उत्तरांच्या भांडणातून वाचली तर ती नीट समजते.

स्वतःची संस्था का काढावी लागली

वनस्पतीत वीज असते हा शोध बोसांचा नव्हे. चार्ल्स डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींचा अभ्यास करताना लंडनच्या जॉन बर्डन सँडरसन यांना व्हीनस फ्लायट्रॅप तपासायला सांगितले आणि १८७३ मध्ये सँडरसन यांनी त्या पानात विजेचा स्पंद नोंदवला. पण अशी वीज फक्त हालचाल करणाऱ्या मोजक्या वनस्पतींतच असते, असा त्यांचा ठाम समज होता. रेडिओलहरींवरच्या कामाने नाव मिळवलेले बोस या क्षेत्रात उतरले ते नेमके उलटे म्हणणे घेऊन : कोबी, मुळा, गाजर, कोणतीही वनस्पती घ्या, तिला डिवचले की ती विजेनेच उत्तर देते.

जून १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत बोसांनी हेच मांडणारा निबंध वाचला. सँडरसन तेव्हा शरीरक्रियाशास्त्रातले बडे प्रस्थ. शीर्षकातला ‘प्रतिसाद’ हा शब्द बदला, तो शरीरक्रियाशास्त्राचा शब्द आहे, असे त्यांनी सुचवले. बोसांनी नकार दिला आणि निबंध छापला न जाता सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला. पुढच्या वर्षी लिनियन सोसायटीने बोसांना व्यासपीठ दिले. तरीही नियतकालिकांच्या दाराशी ताटकळण्यापेक्षा पुस्तके लिहावीत, हे त्यांनी ठरवले. १९०२, १९०६ आणि १९०७ अशी ओळीने तीन जाडजूड पुस्तके निघाली. परीक्षकांच्या मर्जीवर अवलंबून न राहता प्रयोग करता यावेत आणि ते छापता यावेत, ही गरज इथे निर्माण झाली. म्हणून संस्था सुरू होताच १९१८ पासून तिने स्वतःची ‘ट्रान्झॅक्शन्स’ काढली.

पैसा अनेक हातांनी आला. बोस आणि त्यांच्या पत्नी अबला बोस यांनी आयुष्यभर काटकसर करून साठवलेली पुंजी त्यात घातली. देशभरातून देणग्या आल्या. मुंबईच्या दात्यांत बोमनजी आणि मूळराज खटाव ही नावे होती. मुंबईशी आणखी एक धागा जुळला. बोसांचे पहिले मोठे इंग्रजी चरित्र लिहिले पॅट्रिक गेडिस यांनी. नगररचनेतले हे स्कॉटिश विद्वान मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. चरित्र १९२० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते.

उद्घाटनाच्या भाषणात बोसांनी जाहीर केले की इथले शोध सर्वांच्या मालकीचे राहतील, त्यांवर पेटंट घेतले जाणार नाही. मित्रमंडळींच्या आग्रहावरून १९०४ मध्ये त्यांच्या नावे एक अमेरिकन पेटंट निघाले होते; त्याचा फायदा मात्र त्यांनी कधी उठवला नाही.

काजळीच्या काचेवरचे ठिपके

या संस्थेची खरी श्रीमंती तिच्या यंत्रांत होती, आणि ती यंत्रे कोलकात्याच्या कारागिरांनी घडवलेली होती. त्यांतला ‘रेझोनंट रेकॉर्डर’ जरा जवळून पाहण्यासारखा आहे. लाजाळूच्या देठाला रेशमाचा बारीक धागा बांधायचा, धाग्याचे दुसरे टोक हलक्या तरफेला. तरफेला काटकोनात जोडलेली तार काजळी धरलेल्या काचेसमोर असते. तार काचेला सतत टेकली तर घर्षणानेच पानाची नाजूक हालचाल अडेल. म्हणून बोसांनी तार कंप पावती ठेवली. ती सेकंदाला ठरलेल्या वेळा, दहा, वीस किंवा शंभर वेळा, काचेला नुसती शिवते आणि काजळीत एक ठिपका उमटवते. त्यामुळे हालचालीची रेघ आणि काळाची मोजपट्टी एकाच काचेवर मिळते. चटका दिल्यापासून पान पडू लागेपर्यंत किती ठिपके गेले, ते मोजले की निरोपाचा वेग हातात येतो. लाजाळूत तो सेकंदाला काही सेंटिमीटर भरतो. प्राण्यांच्या मज्जातंतूंपुढे ही गोगलगायच. पण पाणी झिरपण्याच्या मानाने हा वेग चांगलाच होता.

वेग मोजून बोस थांबले नाहीत. हा निरोप म्हणजे पाण्याच्या दाबाचा नुसता धक्का आहे, असे त्या काळचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मानत. बोसांनी देठाचा छोटासा भाग थंड केला. निरोप मंदावला आणि पुढे अडलाच. त्याच जागी पोटॅशियम सायनाइडचे द्रावण लावले. निरोप पुन्हा अडला. पाण्याचा धक्का विषाने मरत नाही, जिवंत पेशीतली क्रिया मात्र मरते. हा युक्तिवाद बिनतोड होता. १९१३ मध्ये हे काम छापले ते त्याच रॉयल सोसायटीने; १९२० मध्ये तिने बोसांना फेलो म्हणून निवडले.

पुढे ‘विद्युत शलाका’ आली : काचेच्या केशनळीत बसवलेली, फक्त टोक उघडे असलेली प्लॅटिनमची तार. ती देठात तसूतसूने आत सरकवायची आणि दर टप्प्यावर गॅल्व्हानोमीटर वाचायचा. देठाच्या कोणत्या थरात विजेचा स्पंद सर्वांत जोरकस आहे, हे त्यातून कळले. तो थर रसवाहिन्यांचा, म्हणजे फ्लोएमचा निघाला. १९२६ च्या ‘वनस्पतींची मज्जायंत्रणा’ या विषयावरच्या इंग्रजी ग्रंथात बोसांनी फ्लोएमला वनस्पतीचा मज्जातंतूच म्हटले. हे नाव पुढे त्यांना महागात पडले, पण थर त्यांनी अचूक पकडला होता.

रिक्काची पाण्याची नळी

संस्था उघडण्याच्या आदल्या वर्षी, १९१६ मध्ये, उबाल्डो रिक्का या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने लाजाळूच्याच एका झुडुपी भावंडावर साधा प्रयोग केला होता. खोड मधोमध कापले आणि दोन्ही तुकडे पाण्याने भरलेल्या नळीने जोडले. मग खालच्या तुकड्याला जाळले. थोड्या वेळाने वरच्या तुकड्यावरची पाने मिटली. मध्ये एकही जिवंत पेशी नव्हती, फक्त पाणी. विजेचा स्पंद पेशीकडून पेशीकडे जातो. तो त्या नळीतून जाणे शक्य नव्हते. जखमेतून काहीतरी विरघळून जलवाहिन्यांमधून, म्हणजे झायलेममधून, वर गेले होते. या अनोळखी पदार्थाला पुढे ‘रिक्का घटक’ हे नाव पडले.

सायनाइडच्या प्रयोगातून रसायन विजेला अडवते, हे बोसांनीच दाखवले होते. रसायन निरोप घेऊन वाहत जाते, हे मात्र त्यांना पटले नाही. वाऱ्याची दिशाही त्यांच्याविरुद्ध होती. १९२० च्या दशकात नेदरलँड्समध्ये फ्रिट्स व्हेंट यांनी कोंबाच्या टोकातून वाढीचे रसायन वेगळे काढून दाखवले, तेच ऑक्झिन. वनस्पतींना मज्जातंतू लागत नाहीत, त्यांचे सगळे संप्रेरकांवर भागते, असा सूर पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत लागला आणि विजेचा विषय अडगळीत गेला.

त्याही काळात संस्थेकडे परदेशी पाहुणे येत होते. व्हिएन्ना विद्यापीठाचे माजी कुलगुरू हान्स मोलिश १९२८-२९ मध्ये काही महिने इथे राहून काम करून गेले. बोसांची यंत्रे स्वतः हाताळून त्यांनी ‘नेचर’मध्ये त्यांची वाखाणणी केली. एका वनस्पतीची रसायने दुसरीवर परिणाम करतात, या क्रियेला ‘ॲलेलोपथी’ हे नाव याच मोलिश यांनी १९३७ मध्ये दिले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला बोस गिरिडीहला वारले.

संस्थापकानंतर

एका माणसाभोवती उभ्या राहिलेल्या संस्था बहुधा त्या माणसाबरोबर संपतात. बोस इन्स्टिट्यूट तगली याचे मोठे श्रेय देवेंद्रमोहन बोस यांना जाते. जगदीशचंद्रांचे हे भाचे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. १९३८ ते १९६७ अशी जवळजवळ तीन दशके त्यांनी संचालकपद सांभाळले. मामांचे प्रयोग घोकत बसण्याऐवजी त्यांनी संस्थेला नव्या शाखा फोडल्या. दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोग्राफिक पट्ट्या ठेवून त्यांनी आणि विभा चौधरी यांनी विश्वकिरणांतल्या मेसॉनचा माग काढला, तो याच काळात. फाल्ता, मध्यमग्राम आणि दार्जिलिंगच्या केंद्रांतून वनस्पतींवरचे कामही चालू राहिले. गोपालचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे निसर्गनिरीक्षक याच संस्थेत राहून बंगाली वाचकांसाठी मुंग्या-कोळ्यांवर लिहीत होते.

देवेंद्रमोहनांनंतर संचालक झाले एस. एम. सरकार, भारतातल्या वनस्पती-संप्रेरक संशोधनातले जाणते नाव. ज्या संस्थेच्या संस्थापकाने रसाच्या सिद्धांताशी उभा दावा मांडला, तिची सूत्रे आता रसायनांच्या अभ्यासकाकडे आली. पुढे रेण्वीय जीवशास्त्र आले आणि विजेची यंत्रे संग्रहालयात गेली. संस्थापकाच्या मताशी एकनिष्ठ राहण्याची सक्ती कोणावर झाली नाही, हे या संस्थेचे मोठेपण म्हणावे लागेल.

आधी रसायन, मग वीज, मग पुन्हा रसायन

मूळ प्रश्नाचा पुढचा प्रवास इतर देशांत झाला. तो समजायला वनस्पतीच्या पेशीतली वीज म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. पेशीपटलातले पंप प्रोटॉन सतत बाहेर फेकत असतात. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण १०० ते २०० मिलिव्होल्टने ऋण असते. प्राण्यांच्या मज्जापेशीत हा आकडा सत्तरच्या आसपास असतो. उत्तेजना आली की मज्जापेशीत सोडियम आत घुसतो. वनस्पतीत तसे होत नाही. इथे पेशीतले कॅल्शियम वाढते, त्याने क्लोराइडच्या वाटा उघडतात आणि क्लोराइड बाहेर पडतो; पटलाची ऋणता कोसळते. मग पोटॅशियम बाहेर जाऊन घडी पुन्हा बसवतो. आयनांच्या या वाटांना दारे आहेत आणि त्या दारांच्या किल्ल्या रसायनांकडे आहेत.

ॲब्सिसिक ॲसिडचे उदाहरण घ्या. पाण्याचा ताण पडला की हे संप्रेरक पानात वाढते. पर्णरंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींत ते एका ग्राहक प्रथिनाला चिकटते, त्यातून एक विकर मोकळे होते आणि ते ‘स्लॅक-१’ नावाची ऋण आयनांची वाट उघडते. ही वाट २००८ मध्ये ओळखली गेली. क्लोराइड बाहेर, पटलाची ऋणता कमी, मग पोटॅशियम बाहेर, त्यामागोमाग पाणी; रक्षक पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटते. दुष्काळात उभे पीक पाणी वाचवते ते या साखळीने. ऑक्झिन उलट बाजूने काम करते : कोंबात ते प्रोटॉन पंपाला जोर देते, पेशीभित्ती सैल होते आणि पेशी लांबते.

प्राण्यांच्या मेंदूत निरोप पोचवणारी दोन रसायने वनस्पतीतही आहेत. त्यांतले ‘गाबा’ बटाट्यात सापडले ते १९४९ मध्ये. ते तिथे करते काय, हे बराच काळ गूढच होते. २०१५ मध्ये ॲडलेडच्या गटाने दाखवले की मुळांच्या पेशींतून मॅलेट सोडणारी ऋण आयनांची वाट गाबामुळे बंद होते आणि पेशीची वीज बदलते. दुसरे रसायन ग्लुटामेट. त्याला प्रतिसाद देणाऱ्या प्राण्यांतल्या प्रथिनांशी मिळतीजुळती जनुके १९९८ मध्ये ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात सापडली. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या एडवर्ड फार्मर यांच्या गटाने त्यांतली दोन जनुके निकामी केली. मग एका पानाला इजा केली, तेव्हा दूरच्या पानांकडे जाणारी विजेची लाट क्षीण झाली आणि तिथे जास्मोनेट या बचावाच्या संप्रेरकाची हाकही कमी ऐकू आली. म्हणजे वीज पोचली की पुन्हा रसायनच तयार होते.

२०१८ मध्ये जपानच्या मासात्सुगु तोयोता आणि अमेरिकेतल्या मॅडिसनच्या सायमन गिलरॉय यांच्या गटाने हे डोळ्यांना दाखवले. कॅल्शियम वाढले की चमकणारे प्रथिन त्यांनी ॲराबिडॉप्सिसमध्ये घातले होते. सुरवंट एक पान कुरतडतो. जखमेपाशी चमक उठते, शिरेशिरेतून पुढे सरकते आणि एक-दोन मिनिटांत पलीकडच्या, धक्काही न लागलेल्या पानांत पसरते. वेग सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर. सुरवंटाऐवजी कापलेल्या जागी ग्लुटामेटचा नुसता थेंब सोडला, तरीही तीच लाट उठली. फुटलेल्या पेशींतून सांडलेले ग्लुटामेट हेच लाटेची ठिणगी ठरले.

आणि रिक्का? त्याचा घटक शंभर वर्षे बेनाम होता. २०२३ मध्ये फार्मर यांच्याच गटाने ॲराबिडॉप्सिसमध्ये असा एक घटक ओळखला : जखमेतून सुटून जलवाहिन्यांत शिरणारे आणि वाटेतल्या पेशींत वीज उठवणारे एक विकर, मायरोसिनेज. मोहरी फेसल्यावर नाकात जाणारा झणका ज्याच्यामुळे तयार होतो, ते याच जातीचे. फार्मर यांनी अभ्यासलेल्या दोन जनुकांपैकी एकाचे प्रथिन रसवाहिन्यांत, बोसांच्या फ्लोएममध्ये आढळते. दुसऱ्याचे जलवाहिन्यांना खेटून असलेल्या पेशींत, रिक्काच्या झायलेमशेजारी. लाट पुरती जोमाने जायला दोन्ही लागतात. बोसांची वीज आणि रिक्काचा रस ही एकाच निरोपाची दोन अंगे आहेत; दोघेही आपापल्या वाहिनीपुरते बरोबर होते.

संस्थेचे देणे

बोस इन्स्टिट्यूट आज केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची स्वायत्त संस्था आहे. २०१७ मध्ये तिने शंभरी पूर्ण केली. रस्त्याचे नाव आता आचार्य प्रफुल्लचंद्र रोड. जुन्या वास्तूत बोसांची यंत्रे जपलेली आहेत आणि संशोधन बहुतांशी कांकुडगाछी व सॉल्ट लेकच्या नव्या संकुलांत चालते.

बोसांचा वारसा दोन बाजूंनी बिघडवला जातो. एका बाजूला ‘वनस्पतींना मेंदू असतो’ अशी भाषा करणारे आहेत. २००५ च्या सुमारास ‘वनस्पती मज्जाशास्त्र’ हे नाव पुढे आले, तेव्हा २००७ मध्ये ३६ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून या नावाला हरकत घेतली. ती हरकत रास्त होती. वनस्पतीत मज्जापेशी नाहीत. बोसांचे मोजमाप टिकले, मज्जातंतूची उपमा टिकली नाही. दुसऱ्या बाजूला आपण आहोत. ‘वनस्पतींना जीव असतो हे बोसांनी सिद्ध केले’, हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकवले जाते. वनस्पती सजीव आहेत, हे बोसांच्या आधीही कोणी नाकारत नव्हते. त्यांनी दाखवले ते यापेक्षा कठीण आणि मोलाचे : साधी भाजीसुद्धा डिवचल्यावर विजेने उत्तर देते, ते उत्तर मोजता येते आणि विषाने ते अडते.

म्हणून विज्ञान शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती. लाजाळूचा धडा ‘झाडांना जीव असतो’ इथे थांबवू नका. बोसांच्या सायनाइडच्या प्रयोगाशेजारी रिक्काची पाण्याची नळी फळ्यावर काढा आणि कोण बरोबर, ते मुलांनाच ठरवू द्या.